जीप घ्यायची तर मागून बघा

जुनी जीप विकायला काढली की आधी तिला रंग चढतो. मिलिटरीचा हिरवा मारला की गिऱ्हाईक अर्धं पटतंच. बाजूला फावडं-कुऱ्हाड अडकवायची, मागे जेरी कॅन लावायचा, बॉनेटवर पांढरा तारा काढायचा. भाव सांगताना ‘विलीज आहे’, ‘लढाईतली आहे’, ‘ओरिजिनल फोर बाय फोर’ ही वाक्यं ठरलेली. त्यातलं प्रत्येक खोटंच असतं असं नाही. पण बॉडी कुठलाही चांगला पत्रेवाला नवी करून देतो, इंजिन बहुतेक वेळा दुसऱ्याच गाडीचं असतं आणि ताऱ्याला स्टेन्सिल पुरतं. गाडी मूळची कुठली आणि मधल्या मालकांनी तिचं काय काय केलं हे बघायचं तर मागे जाऊन गुडघे टेकावे लागतात. दोन्ही मागच्या चाकांना जोडणारं जाड नळीसारखं हाऊसिंग आणि त्यावरचा फुगीर गोळा, म्हणजे मागचा एक्सल, ही माहिती देतो. तो बदललेला असेल तर बदलल्याचंही सांगतो.

आपल्याकडची जीप मुंबईची. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असं बदललं. त्याच सुमारास विलीज जीपचे सुटे भाग आणून त्या माझगावला जोडायला सुरुवात झाली. पुढे आली उंच बॉनेटची सीजे-३बी. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद पडली, इथे मात्र नाव आणि इंजिन बदलत तिचा वंश चालूच राहिला. एमएम ५४०, ५५०, मेजर, कमांडर ही सगळी त्याच घरातली मंडळी. नाशिकच्या कारखान्यातून २०१० साली निघालेली पहिली थारही त्यांची नातलगच.

वंश इतका लांबला की एका पिढीचा भाग दुसरीला बसतोच. मूळ विलीजच्या चाकाला पाच स्टड, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर. महिंद्राने तेच माप ठेवलं. मारुती जिप्सीचं मापही तेच, त्यामुळे जिप्सीचे रिम जीपला आणि जीपचे जिप्सीला लावलेले सर्रास दिसतात. चाकावरून गाडी ओळखायला जाल तर फसाल.

चाकाचा मधला भाग मात्र नीट बघावा. मागच्या एक्सलची पहिली ओळख तिथेच, खाली न वाकता होते.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीच्या मागच्या चाकातून लोखंडी हब बाहेर डोकावतो. त्याच्या तोंडावर सहा बोल्टांनी आवळलेली चकती असते. हा फुल फ्लोटिंग एक्सल, कंपनीच्या भाषेत स्पायसर २३-२. यात गाडीचा भार बाहेरच्या हाऊसिंगवर असतो. हाऊसिंगच्या टोकावर दोन बेरिंगं, त्या बेरिंगांवर हब, हबला चाक. आतला शाफ्ट हाऊसिंगमधून मोकळा जातो आणि फक्त चाक फिरवतो. बैलगाडीत आस वजन सोसतो आणि ओढायचं काम बैलांकडे असतं, तशीच ही वाटणी. चकतीचे सहा बोल्ट काढले की चाक जमिनीवर असतानाच, जॅक न लावता, शाफ्ट बाहेर ओढून काढता येतो. शाफ्ट आतमध्ये तुटला तरी चाक जागेवर राहतं आणि पुढच्या चाकांच्या जोरावर गाडी घरी येऊ शकते. लढाईत हे किती कामाचं ते सांगायला नको.

लढाई संपली. १९४५ मध्ये सीजे-२ए ही शेतकऱ्यासाठीची नागरी जीप आली. सुरुवातीच्या काही गाड्यांना लष्करी एक्सलच होता. मग खर्च वाचवायला सेमी फ्लोटिंग आला, आधी ४१-२ आणि पुढे प्रसिद्ध डाना ४४. यात वजनही शाफ्टनेच पेलायचं आणि चाकही त्यानेच फिरवायचं. भाग कमी, वजन कमी, खर्च कमी. बाहेरून बघाल तर हबच्या मधोमध पत्र्याची टोपी दिसते. ती काढली की खाली खाचांचा मोठा नट आणि त्यातून आरपार गेलेली कॉटर पिन. शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि हब त्यावर ठासून बसवलेला. दोघांच्या मध्ये पोलादाची छोटी चौकोनी चावी असते. एवढीशी ती चावी, पण इंजिनाचा जोर तिच्यातूनही चाकाला जातो.

तिसरा प्रकार आजचा. शाफ्टच्या टोकाला चकती अंगचीच घडवलेली, तिच्यातच चाकाचे स्टड. मधे नट नाही, टोपी नाही, बाहेर आलेला हब नाही. मधोमध सपाट चकती दिसली की हा प्रकार समजावा. नव्या बहुतेक गाड्या अशाच.

दुसऱ्या प्रकारातल्या निमुळत्या, म्हणजे टेपर शाफ्टचा हब एकदा तरी उतरवताना बघावा. टोपी निघते, वाकडी झालेली कॉटर पिन पकडीने सरळ करून ओढली जाते, मग पान्यावर पाइप चढवून नट ढिला करतात. अनुभवी मिस्त्री तो पुरता काढत नाही, चार-दोन आटे ठेवतो. मग चाकाच्या स्टडवर जाडजूड पुलर चढतो, त्याचा मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकवून आवळला जातो आणि पुलरच्या डोक्यावर घणाचा घाव बसतो. काहीच होत नाही. स्क्रू पुन्हा आवळायचा, पुन्हा घाव. वर्षानुवर्षं बसलेला हब कधी रॉकेल-तेल पिऊन रात्रभर तसाच राहतो. सुटतो तेव्हा बंदुकीसारखा बार होतो आणि ड्रमसकट हब बाहेर झेपावतो. मिस्त्रीने ठेवलेले चार आटे त्या क्षणी कामाला येतात. ते नसते तर ड्रम समोरच्याच्या नडगीवर.

हब उतरल्यावर शाफ्टवरची खाच बघायची. काठ सरळ आणि धारदार असतील तर ठीक. काठ गोलावले असतील, चावी एका बाजूने चेपली असेल किंवा हबच्या तोंडाशी तांबूस भुकटी साचली असेल तर हब शाफ्टवर हलतोय. गाडी पुढे-मागे करताना मागून एकच ‘टक्’ आवाज येतो तो याचा. विकणारा सांगेल की जॉइंट वाजतोय, दोनशेचं काम आहे. तसंही असू शकतं, पण हब उघडल्याशिवाय मानू नये.

युद्धकाळातल्या जीपची आणखी एक खूण सांगतो, कारण ती नकली करायचं सहसा कोणाच्या मनात येत नाही. तिच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे. सुटायला उजवीकडे फिरवायचे. हे माहीत नसलेला माणूस पाइप लावून जोर करतो आणि स्टडच मोडतो. ‘लढाईतली’ म्हणून दाखवलेल्या गाडीच्या डाव्या चाकाचा नट सरळ फिरवून सुटला तर निदान तो हब तरी लढाईतला नाही.

आता मागे बसा. गोळा कुठे आहे ते पाहा. जुन्या जीपमध्ये तो एक्सलच्या मध्यावर नसतो, उजवीकडे सरकलेला असतो. गिअरबॉक्समागच्या ट्रान्स्फर केसमधून ताकद उजव्या अंगाने बाहेर पडते, म्हणून मागचा आणि पुढचा दोन्ही गोळे त्याच बाजूला. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे, तिथे गोळा शेजारच्या प्रवाशाच्या बाजूला येतो. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे आलं, पण गोळे जागचे हलले नाहीत, म्हणून ते ड्रायव्हरच्या बाजूला. जुन्या जीपच्या मागे गोळा बरोब्बर मध्यावर दिसला तर एक्सल दुसऱ्या गाडीचा. मग प्रोपेलर शाफ्ट किती तिरका चालतोय, त्याचे क्रॉस किती टिकतील, पाट्यांच्या बैठका हाऊसिंगवर कोणी आणि कशा वेल्ड केल्या, हे ओघाने बघायलाच हवं. यू-बोल्टजवळ वेल्डिंगची ओबडधोबड रेघ दिसली तर तिथे टॉर्च मारून तडा शोधा.

गोळ्याची मागची बाजू आणखी बोलकी. डाना ४४ ला मागे पत्र्याचं झाकण, त्याला दहा बोल्ट. झाकण काढलं की आतले मुख्य गिअर, म्हणजे क्राऊन-पिनियन, समोर, दुरुस्ती गाडीखालीच झोपून करायची. जिप्सीला पाठीमागून बघितलं तर एकही बोल्ट नाही, पाठ गुळगुळीत. तिचा डिफरन्शियल, म्हणजे गोळ्यातला सगळा गिअरसंच, पुढून बसवलेला असतो. शाफ्ट बाहेर ओढायचे, पुढचे नट काढायचे, अख्खा डिफरन्शियल बाहेर काढून टेबलावर दुरुस्त करायचा. मिस्त्रीला विचाराल तर तो दुसरा प्रकार निवडेल, पाठीसाठी बरा. मजबुतीसाठी मात्र पहिल्याला मान. लँड रोव्हरमध्येही हेच दोन प्रकार दिसतात. साध्या रोव्हर एक्सलचा डिफरन्शियल पुढून निघतो, तर लांब चेसिसच्या सिरीज थ्रीला मागे दिलेल्या सॅलिसबरी एक्सलला मागून बोल्टांचं झाकण.

नुसते बोल्ट मोजून भागत नाही. १९९७ ते २००६ या काळातल्या अमेरिकन रँग्लरला मागे डाना ३५ असू शकतो किंवा डाना ४४. दोन्हींच्या झाकणाला दहा-दहाच बोल्ट, पण ३५ चं झाकण लंबगोल, तेल भरायच्या भोकाला रबरी बूच. ४४ चं झाकण कोनाकोनांचं, बूच आट्यांचं. तिथल्या हौशी मंडळींत ३५ वाला थोडा खाली मान घालून फिरतो, कारण मोठे टायर लावले की तो मोडतो अशी त्याची ख्याती. १९७६ नंतरच्या सीजे गाड्यांना मागे एएमसीचा मॉडेल २० असे, त्याचं झाकण गोल आणि बोल्ट बारा. आता रँग्लर पुण्याजवळ रांजणगावला जोडली जाते, त्यामुळे हा झाकणांचा अभ्यास आपल्या रस्त्यांवरही उपयोगी पडू शकतो.

हाऊसिंग वायर ब्रशने खरवडलं की आकडे वर येतात. डानाच्या एक्सलवर बीडाच्या भागात ओतीव आकडा असतो आणि नळीवर ठोकलेला भाग-क्रमांक. झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी अडकवलेली असते, तिच्यावर दात्यांची संख्या. आपल्याकडच्या गाड्यांत ही पट्टी बहुधा कधीच हरवलेली असते, कारण तेल बदलताना ती फेकून द्यायची एक जुनी परंपरा आहे.

पट्टी नसेल तर मोजायचं, आणि इथे थोडा वेळ द्यावा. विलीज एमबीच्या पिनियनला ८ दाते, क्राऊनला ३९, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या ४.८८ फेऱ्यांत चाकाची एक फेरी. नागरी सीजेला ८ आणि ४३, म्हणजे ५.३८. हा आकडा जितका मोठा तितका चढावर जोर जास्त आणि वेग कमी. ५.३८ ची जीप मूळच्या सोळा इंची बारीक टायरवर टॉप गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरने चालली तर इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं. त्याच गाडीला ३.७३ चा एक्सल टाकला तर १,७०० च्याही खाली येतं. आवाज कमी, डिझेल कमी. म्हणून डिझेल इंजिन बसवलेल्या कितीतरी जीपांचा मागचा एक्सल बदलला गेला. कराड-कोल्हापूरकडे वडापच्या धंद्यात राबलेल्या जीपांना पुढच्या चाकांची ताकद हवी कशाला होती? माणसं मागे भरायची, पुढे बॉनेटपर्यंत लटकवायची आणि लिटरमागे चार पैसे वाचवायचे. मालकाच्या दृष्टीने हिशोब बरोबरच होता.

अडचण होते ती पुढच्या मालकाची, कारण पुढचा एक्सल तसाच राहिलेला असतो. या जीपांची फोर व्हील ड्राइव्ह साधी. लिव्हर ओढला की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना पक्के बांधले जातात, दोघांचा वेग एक. मागे ४.८८ आणि पुढे ५.३८ असेल तर मागची चाकं दहा टक्के जास्त फिरायला बघतात. चिखलात ती घसरून फरक पचवतात. डांबरावर घसरायला जागा नसते. गाडी जखडल्यासारखी चालते, लिव्हर परत निघत नाही, आणि शेवटी ट्रान्स्फर केसमधला दाता नाहीतर शाफ्टचा क्रॉस जातो. हे टाळायला काही जण पुढचा प्रोपेलर शाफ्टच काढून ठेवतात. आरसीवर फोर व्हील ड्राइव्ह, लिव्हरही जागेवर, आणि गाडी मात्र दोन चाकांची. पुढचा शाफ्ट ‘घरी ठेवलाय, देतो’ असं विकणारा म्हणाला की त्याचा अर्थ शोधा.

मोजणी अशी करा. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, मागची दोन्ही चाकं वर आणि हाऊसिंगखाली पक्के स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, कितीही घाई असली तरी. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. दोन्ही चाकं एकाच दिशेने सोबत एक फेरी फिरवा, खाली बसलेल्याने शाफ्टच्या फेऱ्या मोजाव्यात. पावणेपाचच्या किंचित पुढे गेल्या तर ४.८८, पाचच्या पुढे एक तृतीयांशापेक्षा थोडी जास्त गेली तर ५.३८. एकच चाक वर घेता येत असेल तर ते दोन फेऱ्या फिरवा, कारण दुसरं चाक जमिनीला धरून असलं की डिफरन्शियल निम्म्याच वेगाने फिरतो. दहा फेऱ्या मोजून दहाने भागलं तर चूक कमी होते. मग हेच पुढे करायचं. दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. माझ्या मते जुन्या जीपच्या सगळ्या तपासण्यांत हिच्याइतकी मोलाची दुसरी नाही, आणि गिऱ्हाईक हीच सर्वांत कमी करतं.

दोन्ही चाकं वर असतानाच आतला डिफरन्शियल कोणता तेही बघून घ्या. गाडी गिअरमध्ये टाका आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट दिशेला फिरलं तर साधा, म्हणजे एक चाक चिखलात फिरायला लागलं की सगळी ताकद तिकडेच वाया जाणार. चाक फिरूच देत नसेल किंवा फार जड जात असेल तर आत लिमिटेड स्लिप किंवा लॉक. जुन्या जीपमध्ये असं आढळलं तर खूश होण्याआधी झाकण उघडा. आतले गिअर वेल्ड करून ‘लॉक’ बनवणारे महाभाग असतात, आणि अशी गाडी घाटातल्या वळणावर सरळ जायला बघते.

नव्या थारच्या बाबतीत ही हातची परीक्षा फसते. २०२० च्या थारला मागे पाटे गेले आणि कॉइल स्प्रिंग आल्या, एक्सल मात्र अखंडच राहिला. काही व्हेरियंटमध्ये आत ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉक असतो. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की त्यातली फिरती वजनं फाकतात आणि दोन्ही चाकं बांधली जातात. गाडीने ताशी तीसेक किलोमीटर ओलांडले की तो लागतच नाही. हाताने चाक इतक्या वेगाने फिरवणं शक्य नाही, म्हणून तो साध्या डिफरन्शियलसारखाच वागतो. अशा गाडीचं एक मागचं चाक जॅकवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकणं म्हणजे संकटाला आमंत्रण. वरचं चाक वेगाने फिरतं, लॉक लागतो, जमिनीवरचं चाक पकड घेतं आणि गाडी जॅकवरून उडी मारते. व्हेरियंटची यादी बघून खात्री करा, ते सोपं. लॉक म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह असंही समजू नका, बोलेरो निओच्या एका व्हेरियंटमध्ये फक्त मागच्या चाकांना ताकद आहे आणि तरी हा लॉक आहे. फोर्सच्या गुरख्यात पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलना ड्रायव्हरने स्वतः लावायचे लॉक आहेत, तिथे ओळखायची कसरत नाही.

मागे अखंड नळीच नसेल, मधला गोळा चेसिसला बांधलेला आणि दोन्हीकडे रबरी बूटांचे आखूड शाफ्ट असतील, तर मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. डस्टरची ऑल व्हील ड्राइव्ह तशी होती. त्या घराण्याचे नियम वेगळे, वर सांगितलेलं तिथे लागू नाही.

राहता राहिली कागदपत्रं. आरसीवर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर असतात, मागचा एक्सल कुठल्या प्रकारचा हे नसतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा फेरफार मनाला येईल तसा करता येत नाही. बदललेला एक्सल घेताना म्हणून दोन प्रश्न असतात, चालेल का आणि चालवू देतील का. दुसऱ्याचं उत्तर आरटीओत आधी विचारून घ्यावं.

तेव्हा गाडी बघायला जाताना एक टॉर्च, वायर ब्रश, खडू आणि अंथरायला जुनं पोतं घेऊन जा. विकणाऱ्याला आधी फोनवर सांगा की मागची दोन्ही चाकं उचलून बघायची आहेत. तो नको म्हणाला तर तेवढं पेट्रोल वाचलं.